अश्वपारखी महाराज : प्रतापसिंहराव गायकवाड

शनिवार, ७ जून १९४७. त्या दिवशी दुपारी इंग्लंडमधील एप्सम येथे डर्बीची शर्यत होती. सकाळच्या वृत्तपत्रांत शर्यतीचे अंदाज लिहिणाऱ्यांना त्या वर्षी विशेष विचार करावा लागला नसावा. ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाचा घोडा महिन्याभरापूर्वी न्यूमार्केटला टू थाउजंड गिनीजची शर्यत आठ लांबींच्या फरकाने जिंकला होता. त्याच्या पाठीवर गॉर्डन रिचर्ड्स हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ जॉकी बसणार होता. बुकींनी भाव दिला होता सातास चार. म्हणजे सात पौंड लावावेत तेव्हा नफा चार पौंडांचा. इतका कमी भाव ज्याला मिळतो त्या घोड्याबद्दल लोकांच्या मनात शंका उरलेली नसते.

त्याच शर्यतीत सयाजीराव नावाचा एक घोडा धावणार होता. त्याचे मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. चारच दिवसांपूर्वी, ३ जूनला, फाळणीची योजना जाहीर झाली होती. हिंदुस्थानातल्या प्रत्येक संस्थानिकाचे भवितव्य त्या आठवड्यात पणाला लागले होते, आणि एकवीस तोफांच्या सलामीचा मान असलेल्या एका संस्थानाच्या अधिपतीचे नाव लंडनच्या शर्यतीच्या पानावर छापले जात होते. प्रतापसिंहरावांचे सारे आयुष्य या दोन बातम्यांच्या मध्ये सापडलेले आहे.

त्यांचा जन्म २९ जून १९०८ चा. ते महाराज सयाजीराव तिसरे यांचे नातू आणि युवराज फत्तेसिंहरावांचे पुत्र. जन्मानंतर तीन महिने होण्याच्या आतच वडील वारले. त्यामुळे गादीचा वारसा थेट आजोबांकडून नातवाकडे येणार, हे पाळण्यातच ठरून गेले. आजोबा कोण होते हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. मालेगाव तालुक्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेला तो मुलगा, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण साऱ्या संस्थानात नेणारा राजा, तरुण आंबेडकरांना शिष्यवृत्ती देणारा आश्रयदाता. अशा पुरुषाचा नातू होणे हे भाग्य खरे, पण ते भाग्य पेलायला सोपे नसते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव गेले आणि तिसाव्या वर्षी प्रतापसिंहराव बडोद्याच्या गादीवर आले.

आरंभीची वर्षे चांगली गेली, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागते. अनुभवी दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी आजोबांच्या काळापासून कारभार पाहत होते आणि ते १९४४ पर्यंत राहिले. आजोबांच्या स्मरणार्थ नव्या महाराजांनी एक कोटी रुपयांचा निधी ग्रामीण भागातील गरीब रयतेच्या उन्नतीसाठी वेगळा काढला. महायुद्ध सुरू झाल्यावर बडोद्याच्या पैशातून ब्रिटिश हवाई दलाला विमाने मिळाली आणि १२४ क्रमांकाच्या लढाऊ पथकाला बडोद्याचे नाव दिले गेले. कोल्हापूरकडील हसूरकर घराण्यातल्या शांतादेवींशी त्यांचा विवाह १९२९ मध्येच झाला होता आणि आठ मुलांनी राजवाडा भरला होता.

घोड्यांचा शौक संस्थानिकांत नवा नव्हता. कोल्हापूर, ग्वाल्हेर, म्हैसूर, काश्मीर अशा अनेक दरबारांचे घोडे पुण्या-मुंबईच्या शर्यतींत धावत. बडोद्याच्या शेजारच्या चिमुकल्या राजपिपळ्याच्या महाराजांनी तर १९३४ मध्ये विंडसर लॅडच्या बळावर खुद्द इंग्लंडची डर्बी जिंकली होती. राजपिपळ्याने जे करावे ते बडोद्याला जमू नये, ही सल प्रतापसिंहरावांच्या मनात होती की नाही हे कळण्यास मार्ग नाही. पण गादीवर आल्यापासून त्यांनी पागेवर पैसा आणि लक्ष दोन्ही ओतले एवढे दिसते. एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी त्यांच्यासाठी घोडे चालवी. १९४३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर इंडियन डर्बी प्रथमच झाली. ती जिंकणारी प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी बडोद्याची होती आणि जॉकी ब्रिटच होता. त्या शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत पहिले नाव आजही तेच आहे.

त्याच वर्षी मद्रासच्या शर्यतींत त्यांची गाठ पिठापूरच्या राजकन्या सीतादेवींशी पडली. पुढे झालेल्या विवाहाची कथा फार चघळली गेली आहे आणि तिचा मोठा भाग या लेखाच्या कामाचा नाही. सीतादेवी विवाहित होत्या. तो विवाह मोडण्यासाठी त्यांनी धर्मांतर केले व नंतर पुन्हा हिंदू होऊन प्रतापसिंहरावांशी लग्न केले. बडोद्यात तेव्हा एकपत्नीत्वाचा कायदा लागू होता. राजा कायद्याच्या वर आहे, असा युक्तिवाद करून तो अडसर दूर सारण्यात आला. रयतेला जी गोष्ट मना होती ती राजाला चालली. सयाजीरावांच्या बडोद्यात ही गोष्ट लोकांच्या मनाला लागली, आणि ती विसरली गेली नाही.

महायुद्ध संपताच महाराजांनी इंग्लंडकडे मोर्चा वळवला. १९४५ मध्ये तिथल्या लिलावात एक वर्षाचे एक शिंगरू उभे राहिले. त्याचा बाप निअर्को, इटलीच्या फेदेरिको तेसिओने पैदा केलेला आणि चौदापैकी चौदा शर्यती जिंकलेला. आई रोझी लेजंड. सख्खा थोरला भाऊ दान्ते, त्याच वर्षीच्या डर्बीचा विजेता. महाराजांच्या वतीने ट्रेनर फ्रेड आर्मस्ट्राँग यांनी बोली लावली आणि ती २८,००० गिनींवर थांबली. वर्षाच्या शिंगराला इतकी किंमत तोवर मिळाली नव्हती. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा हे झाले २९,४०० पौंड. त्या वेळच्या हुंडणावळीने सुमारे तीन लाख ब्याण्णव हजार रुपये. अजून पाठीवर स्वारही न घेतलेल्या जनावरासाठी.

हा वेडेपणा होता का? शर्यतीचे शास्त्र जाणणारा माणूस लगेच हो म्हणणार नाही. वर्षाच्या शिंगराचा धावण्याचा इतिहास नसतो, तेव्हा पाहायचे ते रक्त आणि बांधा. सख्खा भाऊ डर्बी जिंकला म्हणून दुसरा जिंकेलच असे नाही, उलट बहुतेक वेळा तो जिंकत नाही. पण दीड मैल धाव टिकवण्याची ताकद आई-बापांच्या संयोगात आहे, एवढे तरी सिद्ध झालेले असते. महाराजांनी पैसा या एका गोष्टीवर लावला. शिंगराला नाव दिले सयाजीराव. ते आजोबांचे नाव होते आणि त्याच वर्षी सीतादेवींच्या पोटी जन्मलेल्या मुलाचेही. आजोबांनी शाळा आणि ग्रंथालये उभी केली ते नाव आता बुकींच्या फळ्यावर लिहिले जाणार होते. बडोद्यातल्या जुन्या मंडळींना हे कसे वाटले असेल याची कल्पना करता येते.

न्यूमार्केट हे इंग्लंडच्या घोड्यांचे माहेरघर. तिथे महाराजांनी वॉरन प्लेस ही प्रशस्त वास्तू व तबेले घेतले आणि आर्मस्ट्राँग यांना यॉर्कशायरमधून तिथे आणून बसवले. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात पैदाशीसाठी शेत घेतले, ते बडोदा स्टड या नावानेच ओळखले जाऊ लागले. जॉकी ब्रिटही इंग्लंडला आला. ट्रेनर, जॉकी, तबेला, पैदास या चारही बाजू एका मालकाच्या हाती असाव्यात, ही योजना विचारपूर्वक आखलेली होती. नुसती हौस असलेला माणूस एवढी जुळवाजुळव करीत नाही.

१९४७ चा हंगाम हा या योजनेचा कस पाहणारा ठरला. शर्यतीचे अंदाज कसे बांधावेत हे शिकू इच्छिणाऱ्याने त्या हंगामातली सयाजीरावची कामगिरी क्रमाने पाहावी. टू थाउजंड गिनीज ही एका मैलाची शर्यत, निव्वळ वेगाची. तिच्यात सयाजीराव तिसरा आला. ट्यूडर मिन्स्ट्रेलने सर्वांना धुळीत टाकले तेव्हा हाही मागेच होता. वरवर पाहणाऱ्याने तिथेच त्याच्या नावावर काट मारली असती. पण ज्या घोड्याचे रक्त लांब पल्ल्याचे आहे तो मैलभरात तिसरा येतो याचा अर्थ निराळा असतो. त्याला वेग पुरला नाही, पण फार कमीही पडला नाही, आणि अंतर वाढेल तसा तो वर येणार. झालेही तसेच. लिंगफिल्डला डर्बीची चाचणी म्हणून धावली जाणारी शर्यत त्याने जिंकली.

आता एप्समच्या त्या शनिवारकडे परत येऊ. शर्यत दीड मैलाची, चढ-उताराची आणि डावीकडे वळणारी. ट्यूडर मिन्स्ट्रेलचा वेग निर्विवाद होता, पण त्याच्या आईकडचे रक्त झटपट धावणाऱ्या, थोड्या पल्ल्याच्या घोड्यांचे होते. मैलावर जो आठ लांबींनी जिंकतो तो दीड मैलावर टिकेल का, हा एकच प्रश्न त्या दिवशी विचारण्यासारखा होता आणि सातास चार या भावात तो प्रश्न बुडून गेला होता. फेव्हरिट घोडा जॉकीशीच झुंजत धावला, अखेरच्या टप्प्यात दमला आणि चौथा आला. जिंकला पर्ल डायव्हर, फ्रेंच मालकाचा, एकास चाळीस भावाचा, ज्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नव्हते. दुसरा आगाखानांचा मिगोली. तिसरा सयाजीराव. महाराजांना डर्बी मिळाली नाही, पण ज्याने घोड्याचे पूर्वीचे निकाल नीट वाचले होते त्याला पुढचा संकेत स्पष्ट दिसला असेल. मैलावर सयाजीराव ट्यूडर मिन्स्ट्रेलच्या मागे होता, दीड मैलावर तो त्याच्या पुढे आला.

त्यानंतर आयर्लंडच्या करा मैदानावर आयरिश डर्बी. ती सयाजीरावने जिंकली. मग सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरची सेंट लेजर. हिचे अंतर तेव्हा एक मैल, सहा फर्लांग आणि एकशे बत्तीस यार्ड मानले जाई. इंग्लंडच्या पाच मानाच्या शर्यतींत सर्वांत लांब हीच. घोडा तीन वर्षांचा असतो, उन्हाळाभर धावून थकलेला असतो, आणि अखेरच्या दोन फर्लांगांत वेग नव्हे तर दम आणि जिद्द लागते. ब्रिट वर होता. शेवटी सयाजीराव आणि मार्सेल बूसाक यांचा आर्बार जवळजवळ एकाच रेषेत आले. निकाल डोकेभर अंतराने सयाजीरावच्या बाजूने लागला. मिगोली तिसरा. हा विजय उसना नव्हता, हे पुढच्या वर्षाने दाखवले. आर्बारने अ‍ॅस्कटचा गोल्ड कप आणि मिगोलीने पॅरिसची आर्क द त्रिऑम्फ जिंकली. अशा दोघांना मागे टाकणारा घोडा मोजून पैसे दिल्याच्या लायकीचा होता.

हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हा पुरता महिनाही लोटला होता न लोटला होता.

पुढच्या वर्षी दुसरा घोडा चमकला. फ्रान्समध्ये जन्मलेल्या या घोड्याचे आधीचे नाव लेरँ. महाराजांनी ते बदलून माय बाबू ठेवले. कुठल्याही मराठी घरात लाडक्या पोराला हाक मारावी तसे हे नाव इंग्रजी तोंडी बसले. १९४८ ची टू थाउजंड गिनीज त्याने चार्ली स्मर्कच्या स्वारीखाली द कॉब्लरला डोकेभर मागे टाकून जिंकली. विंडसर लॅडला राजपिपळ्यासाठी डर्बी मिळवून देणारा जॉकी हाच स्मर्क. आता बडोद्याच्या आशा पुन्हा एप्समला लागल्या. माय बाबू फेव्हरिट म्हणून उतरला आणि चौथा आला. जिंकला आगाखानांचा माय लव्ह. या वेळी महाराजांचाच घोडा गेल्या वर्षीच्या ट्यूडर मिन्स्ट्रेलच्या जागी होता. मैलाचा राजा, दीड मैलावर अपुरा. आर्मस्ट्राँग यांनी त्याला पुन्हा मैलावर आणले आणि गुडवुडची ससेक्स स्टेक्स त्याने जिंकली. तिसरा आणि चौथा, याच्या वर डर्बीने प्रतापसिंहरावांना काही दिले नाही.

इकडे बडोद्यात निराळाच हिशेब सुरू झाला होता. बडोदे हे घटना समितीत सामील होण्याची तयारी दाखवणाऱ्या पहिल्या संस्थानांपैकी एक होते. दिवाण बी. एल. मित्तर यांची ती दूरदृष्टी. पण जुनागढचा पेच उभा राहिला तेव्हा महाराजांनी आपल्याला गुजरात व काठेवाडचे राजे मानावे अशी मागणी पुढे केली, असे संस्थानांच्या विलीनीकरणाचे सूत्रधार व्ही. पी. मेनन यांनी नमूद केले आहे. वल्लभभाई पटेल यांच्यापुढे असली मागणी टिकणे शक्य नव्हते. १९४८ मध्ये लोकनियुक्त सरकार आले आणि डॉ. जीवराज मेहता प्रमुख झाले. खजिन्याची तपासणी होताच राखीव निधीतून उचललेल्या मोठ्या रकमा आणि परदेशी गेलेली जवाहिरे पुढे आली. खंडेरावांच्या काळातला सुप्रसिद्ध मोत्यांचा गालिचाही बडोद्याबाहेर गेला. महाराजांनी रकमा हप्त्याहप्त्याने परत करण्याचे कबूल केले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले आणि महाराजांना साडेसव्वीस लाख रुपयांचा वार्षिक तनखा ठरला.

या तपासणीने शर्यतींच्या कथेवर जी छाया पडते ती पुसता येत नाही. सयाजीराव हा घोडा चांगला सौदा होता, हे वर सांगितलेच. पण सौदा चांगला असणे आणि पैसा स्वतःचा असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. मेहसाणा, अमरेली, नवसारी आणि ओखा या भागांतल्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातला किती अंश न्यूमार्केटच्या चंदीत गेला याचा चोख हिशेब लागणार नाही. खाजगी आणि दौलतीचा पैसा यांतली रेघ संस्थानिकांच्या राज्यात नेहमीच पुसट असे, आणि आजोबांच्या काळात ती जितकी ठळक होती तितकी नातवाच्या काळात राहिली नाही. घोडे घेणारा प्रत्येक राजा उधळ्या ठरवला जातो, तो अन्याय मी करणार नाही. प्रतापसिंहराव उधळे कमी आणि खरे पारखी अधिक होते असेच माझे मत आहे. म्हणूनच त्यांचा दोष मला अधिक जड वाटतो. घोड्यावर इतक्या सावधपणे पैसा लावणाऱ्या माणसाला दौलतीच्या पैशाची ती सावधगिरी का सुचली नाही?

आणि तरीही त्याच १९४९ मध्ये त्यांच्या हातून एक मोठे काम पुरे झाले. आजोबांची विद्यापीठाची इच्छा अपुरी राहिली होती. विलीनीकरण होता होता प्रतापसिंहरावांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन केले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, म्हणजे ज्यांच्या सरकारने महाराजांचा हिशेब मागितला त्या डॉ. जीवराज मेहतांच्या पत्नी. बडोद्यातल्या मराठी घरांपैकी ज्यांची मुले-नातवंडे त्या विद्यापीठात शिकली नाहीत अशी घरे थोडीच असतील. महाराजांच्या नावाने बोटे मोडणारी मंडळीही ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

तनख्यावर समाधान मानून राहणे त्यांना जमले नाही. विलीनीकरणाविरुद्ध संस्थानिकांची संघटना बांधण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली आणि ज्येष्ठ पुत्र फत्तेसिंहरावांना महाराज म्हणून मान्यता दिली. हे फत्तेसिंहराव पुढे खासदार आणि क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. तनखा गेला तसा न्यूमार्केटचा डोलाराही गेला. १९५२ मध्ये वॉरन प्लेस नोएल मर्लेस यांनी घेतले. त्याच तबेल्यातून अनेक दशकांनंतर हेन्री सेसिल यांनी फ्रँकेल हा एकही शर्यत न हरलेला घोडा तयार केला. सीतादेवी माँटे कार्लोत राहू लागल्या होत्या. १९५६ मध्ये त्या विवाहाचाही शेवट झाला. अखेरची वर्षे प्रतापसिंहरावांनी युरोपातच काढली आणि १९ जुलै १९६८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय साठ.

घोडे मात्र त्यांच्या नावाला जागले. माय बाबूचा पुत्र अवर बाबू १९५५ ची टू थाउजंड गिनीज जिंकला. सयाजीराव आयर्लंडमध्ये पैदाशीला राहिला. त्याची मुलगी ग्लॅडनेस हिने १९५८ मध्ये लेस्टर पिगॉटच्या स्वारीखाली अ‍ॅस्कटचा गोल्ड कप जिंकला. पिगॉट पुढे आर्मस्ट्राँग यांचा जावई झाला. १९६४ च्या सप्टेंबरात डॉनकास्टरला सेंट लेजर जिंकली ती इंडियाना या घोड्याने. महाराज तेव्हा हयात होते. राज्य जाऊन पंधरा वर्षे झाली होती. शर्यतीच्या छापील पत्रकात घोड्याच्या नावाखाली जनकाचे नाव देण्याची रीत असते. इंडियानाच्या नावाखाली त्या दिवशी छापले होते : सयाजीराव.